विकाच्या मुलखात मातीचं घर

सिव्हिलच्या डिप्लोमाला सिमेंटची पहिली ओळख होते ती एका सुईमुळे. सिमेंटचा लगदा साच्यात भरायचा, वरून ठरावीक वजनाची सुई सोडायची आणि ती किती खोल जाते ते बघत घड्याळावर नजर ठेवायची. सुई तळाच्या जवळ पोचेनाशी झाली की सिमेंटनं पकड घ्यायला सुरुवात केली असं समजायचं. साध्या सिमेंटमध्ये ही वेळ अर्ध्या तासाच्या आत येता कामा नये. या उपकरणाला आम्ही 'व्हिकॅट' म्हणायचो. सार्वजनिक बांधकाम खात्यात सगळी नोकरी काढली, शाळा, पूल, विश्रामगृहं उभी केली, आणि साठी उलटल्यावर या व्हिकॅटच्या गावी जाण्याचा योग आला. तोही कशासाठी, तर मातीचं घर बघायला.

व्हिकॅट म्हणजे लुई विका. तो जन्मला १७८६ मध्ये फ्रान्समधल्या नेव्हेरला, वारला १८६१ मध्ये ग्रनोबलला. चुनखडी आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात एकत्र भाजली तर पाण्यातही घट्ट होणारा चुना हवा तसा बनवता येतो, हे त्यानं १८१७ च्या सुमारास दाखवून दिलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. आमची लेक नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या एसएफएस कॉलेजातून बारावी झाली, पुढे व्हीएनआयटीतून ग्रनोबलला शिकायला गेली आणि तिथेच चिपच्या धंद्यात रमली. जावई पुण्याचे, तेही त्याच क्षेत्रातले. दोघांनी ग्रनोबलपासून तासाभरावर, ला कोत-सेंतांद्रे या गावाजवळ एक जुनं घर घेतलं. आमच्या हिची साठी जूनमध्ये होती. लेकीचा फोन आला, "बाबा, आईची साठी इकडे करू. आणि तुम्ही जरा भिंती बघून द्या." माझ्या तिकिटाचं खरं कारण दुसऱ्या वाक्यात होतं.

मेच्या सुरुवातीला नागपूरच्या नंदनवन वस्तीतलं घर बंद केलं. कूलरची टाकी रिकामी केली, तुळशीची कुंडी शेजारच्या वहिनींकडे ठेवली. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून पॅरिस आणि विमानतळाच्या खालूनच सुटणाऱ्या टीजीव्ही गाडीनं लिओं. नागपूरला पारा चव्वेचाळीसवर होता. इथे ही शाल पांघरून बसली.

गाडी घराच्या अंगणात शिरली आणि मी आधी पाया बघितला, ही सवय जात नाही. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत नदीतले गोल गोटे, एक रांग डावीकडे कललेली, एक उजवीकडे. त्याच्यावर सरळ दोन मजली भिंत, रंग तांबूस-पिवळा, आणि धान्य ठेवायच्या कोठाराला तर प्लास्टरच नाही. नखानं जरा खरडलं. माती. विटा नाहीत, दगड नाही, लाकडाचा सांगाडा नाही. दोन फुटांना थोडीशीच कमी जाडीची निव्वळ माती, आणि तिच्यावर शंभरहून जास्त पावसाळे जाऊन गेलेले.

या बांधकामाला तिथे 'पिझे' म्हणतात. शेताच्या वरच्या थराखालची, बारीक खडी मिसळलेली माती घ्यायची. समोरासमोर फळ्या उभ्या करून त्यांच्यामध्ये ती ओलसर माती वीतभर टाकायची आणि लाकडी ठोकण्यानं ठोकठोक ठोकायची. मग दुसरा थर. फळ्यांइतकी उंची झाली की फळ्या पुढे सरकवायच्या. दोन टप्प्यांच्या सांध्यात चुन्याची तिरपी रेघ राहते. कोठाराच्या भिंतीवर त्या रेघा मोजून गवंड्यांनी किती टप्प्यांत काम केलं ते सांगता येतं. ईझेर जिल्ह्याच्या उत्तर भागात अशी घरं, कोठारं, शाळा, चर्चसुद्धा जागोजागी आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत लिओंच्या फ्रांस्वा क्वांतरोनं या कामावर पुस्तिका लिहिल्या आणि हे तंत्र युरोपभर नेलं. आज ग्रनोबलच्या वास्तुशास्त्राच्या शाळेत 'क्रातेर' ही संस्था १९७९ पासून मातीच्या बांधकामावर संशोधन करते.

मी पवनीकडचा, भंडारा जिल्ह्यातला. आमच्या खेड्यातलं घरही मातीचंच होतं. पांढरीची माती, तिच्यात भुसा, पायानं तुडवलेली, वर कवेलू, जमीन धुम्मस करून सारवलेली. मातीचा दोष दिसला की आजोबा माती बदलायचे, भिंत नाही. काळी माती घरात घ्यायची नाही, ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं फाटते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मी शिकून नोकरीला लागलो आणि १९८४ मध्ये केडीके कॉलेज सुरू झालं त्याच्या आगेमागे नंदनवनात ट्रस्टचा प्लॉट घेऊन विटा-सिमेंटचं घर बांधलं. १९३६ च्या कायद्यानं उभा राहिलेला नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आमचा 'ट्रस्ट', आखीव रस्ते आणि मोकळी मैदानं देत होता. जगनाडे चौकाच्या पलीकडे तेव्हा शेतं सुरू व्हायची. खेड्यातून शहरात आलेल्या माणसाला पक्कं घर म्हणजे सिमेंटचं घर. त्यात गैर काही नव्हतं.

जावयांनी टेबलावर एक जाडजूड फाईल ठेवली. फ्रान्समध्ये घर विकणाऱ्याला आपल्या घराची तपासणी करून कागद खरेदीदाराच्या हातात द्यावे लागतात. घर १९४९ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं आहे का, बांधकामाचा परवाना जुलै १९९७ च्या आधीचा असेल तर ॲस्बेस्टॉस आहे का, वायरिंग आणि गॅसची नळी पंधरा वर्षांहून जुनी असेल तर धोका कुठे आहे, गावात गटार नसेल तर शौचटाकीची अवस्था काय, घराला पुराची किंवा भूकंपाची भीती किती. शिवाय 'ए' ते 'जी' अशी ऊर्जेची प्रतवारी. 'जी' दर्जाचं घर २०२५ पासून नव्यानं भाड्यानं देता येत नाही. सौद्याचा करार झाल्यावर खरेदीदाराला दहा दिवस असतात. मन बदललं तर कारण न सांगता माघार घेता येते. पुढचं सगळं नोटरीसमोर. आपल्याकडचा नोटरी शिक्का मारतो. तिथला नोटरी मालकीची साखळी तपासतो, कर वसूल करतो आणि खरेदीखत स्वतः लिहितो.

आमच्याकडे घर घेताना आखीव पत्रिका बघतात, ट्रस्टचं आर.एल. म्हणजे रिलीज लेटर बघतात, दिशा आणि वास्तू बघतात. ओल कुठे आहे हे विचारणारा खरेदीदार मला उभ्या आयुष्यात भेटला नाही.

खिडक्या बदलायच्या तरी गावच्या नगरपालिकेत आधी अर्ज. साधारणपणे महिन्याभरात उत्तर येतं. पण ला कोतच्या चौकात मध्ययुगातली लाकडी बाजारपेठ उभी आहे, तिच्यासारख्या संरक्षित वास्तूच्या पाचशे मीटरच्या आत घर असेल तर सरकारी वास्तुविशारदाचा होकार लागतो आणि आणखी एक महिना जातो. ही पाचशे मीटरची अट १९४३ च्या कायद्यातली. लेकीचं घर त्या वर्तुळाच्या बाहेर होतं, तरी जावई म्हणाले, "खिडकीच्या झडपांचा रंग पालिकेच्या यादीतूनच निवडायचा." मी हसलो. मग नंदनवनच्या मेन रोडवरचे निळ्या काचेचे, जांभळ्या पॅनेलचे दर्शनी भाग आठवले आणि हसणं आवरलं.

कामाला मिस्त्री हवा होता, पण तो मे महिना होता. एक मेची सुट्टी, आठ मेची सुट्टी, मग येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. गुरुवारी सुट्टी म्हटल्यावर शुक्रवारी कोण येणार. लेक वैतागली होती. मी तिला सांगितलं, आपल्याकडे मेमध्ये रेजा-मिस्त्री तेंदूपत्त्याला जातात, जून-जुलैत रोवणीला गावी जातात. कंत्राटदार ते धरूनच वेळापत्रक करतो. तिथलं वेळापत्रक सुट्ट्यांचं, आमचं शेतीचं. ज्याला ते कळत नाही त्याचं घर अर्धवट राहतं, मग तो नागपूरला असो की फ्रान्सला.

शेवटी मिस्त्री आले. पोर्तुगालहून आलेल्या बापाचा मुलगा, वय पन्नाशीचं, आयुष्य याच भिंतींत गेलेलं. आधी त्यांना 'बोंजूर' म्हणायचं, मग हात मिळवायचा, मग कॉफी. त्याशिवाय भिंतीचा विषय नाही. आम्हा दोघांमध्ये लेक दुभाषी. पण थापी, ओळंबा आणि भिंतीवर टकटक करणारी बोटं यांना दुभाषी लागला नाही. उत्तरेची भिंत खालून दोन हात ओली होती. आधीच्या मालकानं पन्नासेक वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं. मिस्त्रींनी छिन्नी लावली, पाटीएवढा तुकडा निघाला आणि मागची माती बोटानं दाबली जाईल इतकी मऊ झालेली दिसली.

कारण साधं आहे. जमिनीतून थोडी ओल वर चढतेच. मातीची भिंत ती बाहेर सोडते. सिमेंटचं कवच लावलं की पाणी आत अडकतं, माती ओली होते, आणि ओल्या मातीची भार सोसायची ताकद जाते. भिंत बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून बसते. तिथल्या गवंड्यांचं एक बोलणं आहे: मातीच्या घराला बूट चांगले हवेत आणि टोपी चांगली हवी. बूट म्हणजे खालचे गोटे, टोपी म्हणजे भिंतीबाहेर हातभर आलेलं छप्पर. रेनकोट त्यात नाही.

त्या काळात हे प्लास्टर फ्रान्सच्या खेड्याखेड्यात लागलं. युद्धानंतर नवं ते चांगलं, आणि सिमेंट तर याच जिल्ह्याची मिरास. ग्रनोबलच्या बागेत १९२५ च्या प्रदर्शनासाठी ओग्युस्त पेरेनं उभारलेला प्रबलित काँक्रीटचा मनोरा आम्ही मुद्दाम बघून आलो. इतका सडपातळ मनोरा शंभर वर्षांपूर्वी ओतला, म्हणून मी टोपी काढली. सिमेंटनं जे करावं ते तिथे केलंय. मातीच्या भिंतीवर बसणं हे त्याचं काम नव्हे, एवढंच.

प्लास्टर पूर्ण उतरवलं. भिंतीच्या कडेनं चर खणून खडी भरली, पाणी घरापासून दूर काढलं. भिंत महिनाभर उघडी सुकू दिली. मग आतून चुना आणि भांगेच्या जातीच्या झाडाच्या देठांचा भुसा यांचा जाड लेप. थंडी अडवतो आणि ओल अडवत नाही. हिला मी ते सांगितलं तर म्हणाली, "अन् होळी इकडे भिंतीलाच खेळवता का?" त्या कामाचा दहा वर्षांचा विमा मिस्त्रींच्या नावावर. १९७८ च्या कायद्यानं घराच्या मुख्य बांधकामाची जबाबदारी बांधणाऱ्यावर दहा वर्षं असते आणि विमा त्याला घ्यावाच लागतो. आमच्या खात्यातल्या कंत्राटांतही दोष-दायित्वाचा काळ असायचा. खाजगी घर बांधणाऱ्या मिस्त्रीकडून तो कागद मागितला तर नागपूरला तो दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणार नाही.

हिचा संसार या सगळ्यात एका आठवड्यात लागला. स्वयंपाकघर आधीच नवं झालं होतं आणि तिथला ओटा नव्वद सेंटिमीटर उंच. नंदनवनचा आमचा ओटा त्याहून चांगला खाली. त्यावर वाकून वाकून हिची कंबर धरते. इथे दोन तास उभी राहून पोळ्या केल्या तरी तक्रार नाही. शेजारच्या आजी अक्रोडांची पिशवी देऊन गेल्या. ग्रनोबलच्या अक्रोडाला १९३८ पासून सरकारी मूळस्थानाचं संरक्षण आहे, आमच्या संत्र्याच्या जीआय टॅगच्या कितीतरी आधी. हिनं त्यांना सांबारवडी पाठवली. सांबार म्हणजे कोथिंबीर. तिथे ती इवल्याशा जुडीत, सोन्याच्या भावानं मिळते. आजींनी डबा परत दिला तो चेरीचा मुरांबा भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तिथेही आहे.

साठीसाठी आम्ही आनसीला गेलो. दीड-पावणेदोन तासांची वाट, उजव्या हाताला डोंगर. सरोवराच्या काठच्या एका खेड्यात जुनं शेतघर दोन रात्रींसाठी घेतलं होतं. मुलगा पुण्याहून आला, जर्मनीतली भाची आली. हिनं सकाळी कणकेचे साठ दिवे केले, साजूक तूप नागपूरहून आणलेलं. ओवाळायची वेळ झाली आणि जावई छताकडे बोट दाखवत उभे. फ्रान्सच्या प्रत्येक घरात २०१५ पासून धुराचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं आहे. साठ वाती पेटवल्या असत्या तर सगळं गाव जागं झालं असतं. मग परात बाहेर अंगणात नेली. सरोवरावरून वारा. भाची आणि मुलगा चादर धरून उभे, लेक दिवे पेटवते, वारा तीन विझवतो. नात सहा वर्षांची. तिला वाढदिवसाला दिवे विझवायचे असतात हेच माहीत, तेव्हा वारा बरोबर काम करतोय असं तिचं मत होतं. औक्षण झालं. पुरणपोळी झाली. दुपारी मुलांनी हिला बोटीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या आनसीत फिरलो. तियू नदीच्या मधोमध बोटीच्या आकाराची बाराव्या शतकातली वास्तू, दोन्ही काठांना खानावळी. मला मात्र टेकडीवरच्या बॅसिलिकात जायचं होतं. तिथे फ्रान्सिस डी सेल्स यांचे अवशेष आहेत. १५६७ ते १६२२ हा त्यांचा काळ. ते जिनिव्हाचे बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंट झालेलं, म्हणून बसायचे आनसीला. १८३८ मध्ये पिएर-मारी मेर्मिये यांनी याच गावात या संताच्या नावानं धर्मसंघ काढला. १८४५ मध्ये त्या संघाचे धर्मगुरू भारताला निघाले, विशाखापट्टणमला पोचले, आणि त्यांच्या कामाचा पसारा नागपूर-कामठीपर्यंत आला. तेव्हा आनसी फ्रान्समध्ये नव्हतं. सव्हॉय प्रांत फ्रान्सला मिळाला तो १८६० मध्ये. नागपूरच्या सदर भागातली एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स, शाळा १८७० ची, नागपूरचं धर्मप्रांत म्हणून अस्तित्व १८८७ पासूनचं, आणि सेमिनरी हिल्सवरचं कॉलेज १९५६ चं. नागपूरचा कोणताही माणूस हिवाळ्यात सकाळी फिरायला सेमिनरी हिल्सला जातो. त्या टेकडीवरच्या कॉलेजाचं नाव ज्या माणसाचं, त्याच्या समाधीपाशी आमची लेक तिथे शिकल्यानंतर वीस वर्षांनी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी इथे पहिली आले असं मला वाटत होतं." मी म्हटलं, "वाट उलट्या बाजूनं आधीच पाडलेली होती."

सरोवराचं पाणी पिण्याइतकं निर्मळ. पण तेही आपोआप नाही. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत काठच्या गावांचं आणि हॉटेलांचं सांडपाणी त्यातच जायचं. डॉ. पॉल सर्वेताज यांनी ओरड केली, १९५७ मध्ये काठच्या गावांनी संघ केला आणि सरोवराभोवती गोल गटारवाहिनी टाकून सांडपाणी बाहेर वळवलं. मी काठावर उभं राहून आमच्या नाग नदीचा हिशेब केला. ती नंदनवनाजवळून वाहते, शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात म्हणजे पवनीच्या दाराशी जातं. माझ्या आजच्या घराचं पाणी माझ्या जन्मगावच्या वाट्याला येतं.

त्याच संध्याकाळी नागपूरच्या बिल्डरचा व्हॉट्सॲप आला: जागा द्या, दोन फ्लॅट घ्या, वर रोख. नंदनवनात गल्लीगल्लीत हेच चाललंय. २०२० च्या एकत्रित नियमावलीनं बांधकामाची मुभा वाढवली, प्लॉटचा भाव चढला आणि त्यावरच्या बैठ्या घराची किंमत शून्य झाली. काही ठिकाणी तर वजा, कारण ते पाडायचा खर्च येतो. ईझेरच्या खेड्यात उलट आहे. जमीन स्वस्त, बांधकामाची मजुरी प्रचंड, आणि पाडायची परवानगी सहज मिळत नाही. म्हणून उभी भिंत हीच मालमत्ता. ते लोक भावनेनं जुनं जपतात आणि आपण कोरडे, असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे माणूस हिशेबच करतो. फरक एवढाच की तिथे कायद्यानं हिशेबात दुरुस्तीचा एक रकाना ठेवला आहे आणि घराचे दोष लेखी मांडायला लावले आहेत. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेनं सुमारे पंधरा हजार माणसं गेली. त्यानंतर जाड भिंतीचा गारवाही हिशेबात आला. नागपूरला तो रकाना आमच्या आजोबांच्या घराबरोबर गेला.

मुलांनी विचारलं, बाबा, द्यायचं का घर? मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. परत आल्यावर आधी फाईल केली, फ्रेंच फाईलसारखी. पाया किती खोल, कॉलममध्ये लोखंड किती, ड्रेनेजचे चेंबर कुठे, भिंतीतून वायर कुठून गेली, समोरचा सिमेंट रस्ता उंच झाल्यापासून पावसाचं पाणी कोणत्या कोपऱ्यात थांबतं आणि पूर्वेच्या भिंतीची ओल कितीवर चढली आहे. एका जाणकाराकडून बांधकामाची तपासणी करून तो अहवाल जोडला. पाडायचं तर हे वाचून पाडा, ठेवायचं तर हे वाचून ठेवा, असं लिहून दोघा मुलांना पाठवलं. फाईल वाचताना हिनं चष्मा वर केला आणि पेन मागितलं. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात एक कलम आहे: निर्णय काहीही होवो, तो होईपर्यंत वाट न बघता स्वयंपाकघराचा ओटा दिवाळीच्या आत चार इंच उंच करण्यात यावा. मिस्त्री रोवणी आटोपून गावाहून आला की तेच काम पहिलं आहे.